फडताळाची वरची फळी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, पुस्तकावरच्या टीव्ही मुलाखतीची उत्तरं लिहून काढलीत, पाठही झालीत." तेव्हाच बोलणार होतो, पण घरात पाहुणे बसले होते. म्हणून हे पत्र. ते पाठांतर आधी विसर.

तेवीस वर्षं मी स्टुडिओत आलेल्यांच्या कॉलरला माइक लावले. पाठ करून आलेला लेखक हेडफोनमध्ये पहिल्या वाक्यालाच कळायचा. प्रश्न संपायच्या आत याचा श्वास भरून तयार, आणि पुढची सगळी वाक्यं एकाच पट्टीत. मुलाखतकाराने मधेच वेगळं काही विचारलं की गडी गप्प. याउलट काही लेखक आधी क्षणभर थांबायचे, "हां..." म्हणायचे आणि मग बोलायचे. आम्ही आतले लोकसुद्धा हातातलं काम सोडून ऐकायचो.

मुंबई दूरदर्शन 1972 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं. पुढे 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमात लेखक निवांत बोलत. तुला दोन ब्रेकच्या मधली सात मिनिटं आहेत, त्यातही निवेदकाची प्रस्तावना. त्याने पुस्तक वाचलेलं नसेल. रागावू नकोस, दिवसाला चार पाहुणे असतात त्याला. आदल्या दिवशी एक पान पाठव: पुस्तक कशावर, तू कोण, आणि विचारता येतील असे चार प्रश्न. बहुतेक त्यातलेच दोन विचारले जातील.

"हे पुस्तक का लिहावंसं वाटलं?" हा तर येणारच. त्यावर "विस्थापितांच्या वेदनेला वाचा फोडायची होती" असलं काही बोलू नकोस, ते मागच्या कव्हरवर छापलंय. आजीचं सांग. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, कोयनानगर, फडताळावरची पितळी भांडी आधी किणकिणली आणि मग धडाधड खाली आली. त्यानंतर मरेपर्यंत आजीने वरच्या फळीवर एक वाटीसुद्धा ठेवली नाही. एवढं सांगून थांब. पुस्तकाविषयी बोलू नकोस, पुस्तकातलं बोल.

मग अडचणीचा प्रश्न: "म्हणजे कोयना धरणामुळेच भूकंप झाला, हो ना?" निवेदकाला हो किंवा नाही हवं असतं, पडद्याखाली बातमीची पट्टी चालवायला. घाई करू नकोस. धरणात पाणी साठू लागल्यावर धक्के वाढले आणि शास्त्रज्ञ त्या दोन्हींचा संबंध जोडतात, हे सांग. कराडजवळ हजारमाचीला याच अभ्यासासाठी प्रयोगशाळा आहे, तेही सांग. आणि पुढे म्हण, "मी लिहिलंय ते त्या पहाटे घराबाहेर पळालेल्यांचं." प्रश्न टाळल्यासारखंही होत नाही आणि गाडी आपल्या गावाला येते.

आता आईच्या आवडीचा विषय, साडी. पैठणी नको, दिव्यांखाली जर चमकते. बारीक चौकडी पडद्यावर थरथरते. हिरवी नको, मागे हिरवा पडदा असला तर त्यावर टाकायचे नकाशे अंगावरच उमटतील. कडक खळीची सुतीही नको, हललीस की माइकमध्ये खसखस. बांगड्या काढून ठेव. एकदा एका कवयित्रीबाईंच्या हातात काचेच्या डझनभर होत्या. काढा म्हणायला मला संकोच वाटला, आणि त्या हातवारे करत बोलणाऱ्या! अख्खी मुलाखत किणकिणाटात गेली. चूक माझीच.

नजर निवेदकाकडे ठेव, कॅमेरा तुला शोधेल. दुसऱ्या शहरातून जोडून घेतलं तर मात्र उलट, थेट भिंगात बघायचं. गोल फिरणारी खुर्ची असेल तर पाय जमिनीला टेकव, तुला लहानपणापासून झुलायची खोड आहे. एसी फार गार असतो, आधी कोमट पाणी पी. माइक काढेपर्यंत निवेदकाबद्दल, चॅनेलबद्दल अवाक्षर बोलू नकोस. ब्रेकमध्ये पाहुणे काय काय बोलतात ते आम्हाला आत सगळं ऐकू यायचं.

वाचायचा उतारा दहा ओळींचा ठेव, खूणचिठ्ठी लाव. पुस्तकाच्या दोन प्रती ने, एक तिथेच राहते.

चॅनेलवाले पडद्यावर दाखवायला फोटो मागतील. फडताळाचा मी उद्या उजेडात काढून पाठवतो. आईने खालच्या फळीवर डबे मांडलेत, वरची अजून रिकामीच आहे.

तुझा,
बाबा