वेळेतला दशांशबिंदू आणि धावपटूंचे नुकसान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धावण्याच्या स्पर्धांच्या बातम्यांत आणि आयोजकांच्या निकालपत्रकांत वेळ छापताना वारंवार होणाऱ्या एका चुकीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. १ तास ४५ मिनिटे ही वेळ ‘१.४५ तास’ अशी छापली जाते आणि अर्धमॅरेथॉनच्या २१.०९७५ किलोमीटरला १.४५ ने भागून सरासरी वेग ताशी साडेचौदा किलोमीटर काढला जातो. पंचेचाळीस मिनिटे म्हणजे पाऊण तास, तेव्हा भागायला हवे १.७५ ने आणि उत्तर येते ताशी सुमारे १२.०६ किलोमीटर. ताशी साडेचौदाने धावणारा धावपटू हेच अंतर १ तास २७ मिनिटांत संपवतो. या दोघांना एका पंक्तीत बसवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

पेसचा, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेचा, हिशेब याच्या उलट असतो, कारण तेथे वेळेला अंतराने भागायचे असते. वरच्याच उदाहरणात १०५ मिनिटांना २१.०९७५ ने भागल्यास ४.९८ येतात, पण ही ४ मिनिटे ९८ सेकंद नव्हेत. दशांशाला ६० ने गुणले की ४ मिनिटे ५९ सेकंद हा खरा पेस मिळतो.

या चुकीची सर्वाधिक झळ बसते ती आपल्याकडच्या पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना. कोल्हापूर परिसरात पहाटे अंधारात ‘सोळाशे’चा सराव करणारी खेड्यापाड्यांतली मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला एकेका सेकंदाचे मोल सांगायला नको. समजा, एखाद्याला १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवायचे आहेत. त्याने मोबाइलवर ५.१० ला ४ ने भागले, तर उत्तर येते १.२७५, ते १ मिनिट साडेसत्तावीस सेकंद असे वाचून त्याने चारशे मीटरचा प्रत्येक राउंड बरोबर त्या वेळेत मारला, तरी तो ५ मिनिटे ५० सेकंदांनी पोहोचेल. वास्तविक ३१० सेकंदांचे चार भाग केले की राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद येतात. पायांत बळ असूनही केवळ भागाकारापायी चाळीस सेकंद मागे पडणे ही गोष्ट मला फार लागते.

दुसरी चूक वेगांची सरासरी काढण्याची. वाघबीळपासून पन्हाळ्याकडे चढणारा रस्ता हिशेबापुरता ५ किलोमीटर धरू. सायकलस्वार चढताना ताशी १० आणि उतरताना ताशी ३० किलोमीटर वेगाने गेला, तर त्याची सरासरी २० असल्याचे बहुतेक जण सांगतील. प्रत्यक्षात चढाला ३० मिनिटे, उताराला १० मिनिटे, म्हणजे १० किलोमीटरला ४० मिनिटे लागली आणि सरासरी वेग ताशी १५ किलोमीटरच झाला. कारण संथ वेगात त्याचा तिप्पट वेळ गेला. पेसची मात्र समान अंतरावर सरळ सरासरी काढता येते : किलोमीटरला ६ मिनिटे आणि २ मिनिटे, सरासरी ४ मिनिटे, म्हणजे पुन्हा ताशी १५ किलोमीटरच. चढउताराच्या रस्त्यावर सराव करणाऱ्यांनी म्हणूनच पेस मांडावा, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या क्रीडा पानावर वेळ नेहमी तास, मिनिटे आणि सेकंद अशी स्वतंत्रपणे, दशांशबिंदू न वापरता छापावी, ही विनंती. केनियाचा धावपटू केल्विन किप्टम याने २०२३ मध्ये शिकागो मॅरेथॉन २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत पूर्ण केली. ही वेळ ‘२.३५’ अशी छापली, तर वाचक २ तास ३५ मिनिटे समजेल. आयोजकांनीही निकालात एकूण अंतर आणि एकूण वेळ द्यावी, तसेच ती वेळ शर्यत सुटल्यापासूनची आहे की धावपटूने प्रारंभरेषा ओलांडल्यापासूनची, हेही नमूद करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर