साइगो तानोमोंचे चरित्र समजावून देणाऱ्या बाईंस आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

जपानमध्ये सम्राटाच्या आणि शोगुनच्या (लष्करी राज्यकर्त्याच्या) बाजूंत १८६८-६९ साली झालेल्या यादवी युद्धावर आमच्या अभ्यासमंडळात बोलायचे ठरले, तेव्हा भित्रा म्हणून हिणवला गेलेला एखादा सामुराई सुचवावा, अशी विनंती मी आपल्याला केली होती. आपण ऐझू संस्थानचे वंशपरंपरागत कारभारी साइगो तानोमो यांचे नाव सांगितलेत आणि एवढ्यावर न थांबता जुना जपानी मजकूर माझ्याबरोबर बसून ओळीओळीने वाचलात. त्याबद्दल आभार मानण्यासाठी, आणि आपली वाचनाची रीत इतर विद्यार्थ्यांनाही कळावी म्हणून, हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

तानोमोंच्या भीतीचा शोध युद्धात न घेता १८६२ पासून घ्यावा, असे आपण सुचवलेत. त्या वर्षी शोगुनने ऐझूचे तरुण अधिपती मात्सुदाइरा कातामोरी यांच्यावर सम्राटाचे शहर असलेल्या क्योतोच्या रक्षणाची जबाबदारी टाकली. खर्च मोठा, राजकारण पेटलेले आणि ऐझूपासून अंतरही फार, हे ओळखून तानोमो आणि दुसरे कारभारी तानाका तोसा यांनी ती स्वीकारू नये म्हणून कातामोरींची मनधरणी केली. परंतु शोगुनशी एकनिष्ठ राहावे, हे ऐझूच्या मूळपुरुषाने घालून दिलेल्या नियमांतले पहिलेच कलम होते. कातामोरींनी जबाबदारी घेतली आणि पुढे तानोमोंना पदावरून दूर व्हावे लागले. धन्याला अप्रिय सल्ला देणारा माणूस भित्रा कसा, हा प्रश्न मला इथेच पडला होता. मात्र आपण त्याचे उत्तर लगेच देऊ दिले नाहीत.

युद्ध ऐझूच्या दाराशी आले तेव्हा तानोमोंना परत बोलावले गेले. शिराकावाच्या आघाडीवर त्यांच्या नेतृत्वाखाली मोठा पराभव झाला आणि शरण जावे हा त्यांचा आग्रह आणखीच संशयास्पद ठरला. जुन्या पंचांगातील आठव्या महिन्याचा तेविसावा दिवस म्हणजे ८ ऑक्टोबर १८६८, हा हिशेब आपण मांडून दाखवलात, म्हणून त्या एका दिवसातील घटना मला शेजारी शेजारी ठेवता आल्या. सम्राटाच्या बाजूचे सैन्य ऐझूच्या राजधानीत, वाकामात्सु शहरात, शिरले. सहा वर्षांपूर्वी तानोमोंच्या बरोबरीने विरोध करणाऱ्या तानाका तोसा यांनी त्याच दिवशी पोट फाडून मरण पत्करले. तानोमो जगले. दोघांचे मत एकच होते, तरी एक निष्ठावंत ठरला आणि दुसरा पळपुटा. ही तुलना आपली आहे. माझ्या व्याख्यानाचा कणाही तीच आहे.

त्याच दिवशी तानोमोंच्या वाड्यात त्यांची आई, पत्नी चिएको, बहिणी, पाच मुली आणि आश्रयाला आलेले नातलग अशा २१ जणांनी प्राण दिले. सर्वांत धाकटी मुलगी दोन वर्षांची होती. तिने काही ठरवले असेल असे कोण म्हणेल? चिएकोंच्या अखेरच्या कवितेत वाऱ्याबरोबर झुकणाऱ्या, पण पेरे न वाकणाऱ्या बांबूचा उल्लेख आहे, आणि ऐझूत स्त्रियांच्या स्मरणार्थ उभारलेले स्मारकही त्याच बांबूच्या नावाने ओळखले जाते. मला मात्र तेरा आणि सोळा वर्षांच्या बहिणींची कविता अधिक अस्वस्थ करते: हात धरून गेलो तर वाट चुकणार नाही, असे धाकटीने लिहिले आणि चल, मृत्यूच्या डोंगरवाटेने जाऊ या, असे थोरलीने पूर्ण केले. वाट चुकण्याची भीती त्या मुलीने बोलून दाखवली. घराण्याच्या इभ्रतीच्या वर्णनांत तिला फारशी जागा मिळत नाही. ही ओळ दोनदा वाचायला लावल्याबद्दल आपले विशेष आभार.

त्यानंतर तानोमो अकरा वर्षांच्या मुलासह वाकामात्सुच्या किल्ल्यातून बाहेर पडले. निरोप पोहोचवण्याच्या निमित्ताने त्यांना घालवून दिले आणि मागे मारेकरीही पाठवले, पण त्यांनी मुद्दामच गाठले नाही, अशी कथा सांगतात. ‘ही बखर झाली, अस्सल कागद कुठे आहे?’ असे विचारून आपण ती माझ्या मसुद्यात वेगळ्या शाईने लिहायला लावलीत. तानोमो पुढे, युद्ध जिथे संपले त्या उत्तरेकडील हाकोदाते बंदरापर्यंत, लढणाऱ्यांच्या सोबत गेले, हे भित्रेपणाच्या आरोपात सहसा सांगितले जात नाही. ज्या मुलासाठी ते जगले असे मला वाटते, तो १८७९ मध्ये बाविसाव्या वर्षी वारला.

निक्कोचा उल्लेख मी थोडक्यातच करणार आहे, जरी तो मोहात पाडणारा आहे. १८८० मध्ये कातामोरी तेथील तोशोगू देवस्थानाचे मुख्य पुजारी झाले आणि होशिना चिकानोरी असे नाव घेतलेले तानोमो त्यांच्या हाताखाली पुजारी म्हणून रुजू झाले. दोघे एकमेकांशी काय बोलले असतील याची कल्पना रंगवायची नाही, असे आपण बजावले आहे आणि मी ते पाळले आहे.

एका मुद्द्यावर मात्र आपला मतभेद कायम आहे. आपण तानोमोंच्या जगण्याला धैर्य म्हणता. मला ते भीती आणि पितृप्रेम यांचे मिश्रण वाटते, आणि त्यात कमीपणा दिसत नाही. व्याख्यानाचा मसुदा सोबत जोडला आहे. शिराकावाच्या प्रकरणाला अजून आपली नजर हवी आहे.

आपला कृतज्ञ विद्यार्थी