ठासणीची रायफल आणि उडालेल्या चिंध्या

मारेगाव, जि. यवतमाळ

चि. प्रफुल यास अनेक आशीर्वाद.

तिकडं अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जातोस, तेही ठासणीची रायफल घेऊन, हे तुझ्या आईला काही पटलेलं नाही. तिचं मी बघतो. तू रायफलीकडे लक्ष दे.

आपली बंदूक टोपीची, म्हणजे घोडा स्फोटक टोपीवर आपटून पेटणारी, नळी आतून गुळगुळीत, लायसन पीकसंरक्षणाचं. १९७२ च्या कायद्यापासून डुकरावर गोळी झाडायची तरी वनखात्याची परवानगी लागते, म्हणून जागलीत आमचा बार नुसत्या दारूचा. आवाजानं डुकरं तुरीतून निघाली की झालं. तुमच्या पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरच्या हंगामात टोपीची चालतच नाही, गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारीच लागते. शिवाय तुझ्या नळीत पिळाच्या खाचा. सगळी मेहनत तिथंच आहे.

गोळी त्या खाचांना टेकत नाही. तिच्याभोवतीची चिंधी खाचा धरते आणि गोळीला फिरवते. ०.५० इंचाच्या नळीला बहुतेक ०.४९० ची गोळी घेतात, वर चरबी लावलेली सुती चिंधी. सुतीच घे बाप्पा, टेरिकॉट वितळतं.

दारू काळीच. बिनधुराची चिमूटभरही नको, नळी फाटते. डब्यातून थेट नळीत ओतू नको, आधी मापात घे. रायफलीसोबतच्या कागदावर जे कमीत कमी माप असेल तिथून सुरू कर आणि ५-५ ग्रेननं (दारू मोजायचं माप) चढ. त्यावरच्या कमाल आकड्यापुढं जायचं नाही. ५० यार्डांवर निशाण लाव, प्रत्येक बार झाला की नळी पूस. एका वेळी एकच गोष्ट बदल. दारूही वाढवली आणि चिंधीही बदलली, तर निशाणावर गोळ्या कशानं जवळजवळ पडल्या ते कळणार कसं?

मग रेंजवर सगळ्यांचे बार थांबले की पुढं जाऊन चिंध्या वेच. मधे काळा डाग, कडा उसवलेल्या पण चिंधी अख्खी, तर जमलं. जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, चरबी कमी आहे किंवा दारू जास्त झाली. खाचांच्या रेषेवर कापल्यासारखी फाटली तर नळीतल्या खाचांच्या कडा धारदार आहेत. नव्या नळीत असं होतं, वापरानं जातं.

गारगोटी चामड्यात घट्ट बसव, धार पोलादाला सरळ भिडू दे. रंजक, म्हणजे बाहेर ठिणगी धरणारी बारीक दारू, थोडंच घाल. कान, म्हणजे नळीत आग नेणारं बारीक भोक, भरून गेला तर दारू वातीसारखी जळत जाते, बार उशिरा होतो आणि तोवर नेम हलतो. बार झालाच नाही तर नळी निशाणाकडेच धरून मिनिटभर थांब. तोंडाशी वाकून बघायचं नाही.

गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मधे पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेसुद्धा. गजावर भरलेल्या नळीची खूण करून ठेव, म्हणजे अंदाजावर राहायला नको.

जितक्या अंतरावर प्रत्येक गोळी ताटलीएवढ्या निशाणात बसते, तेवढ्याच अंतरावरून हरणावर झाड. पलीकडचं जाऊ दे. जखमी जनावर माघारी सोडून घरी यायचं नाही.

संध्याकाळी कितीही दमलास तरी गरम पाण्यानं नळी धू, कोरडी कर, तेल दे. काळ्या दारूची राख ओल धरते.

पहिल्या दिवशीच्या चिंध्यांचे फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे. कोणती किती ग्रेनची ते खाली लिही, मग फोनवर बोलू.

तुझे बाबा