मुक्ताला, डबा विसरलीस म्हणून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी रत्नागिरीची गाडी सुटल्यावर स्टँडवरून घरी आलो, तर तुझा डबा ओट्यावर तसाच. आईनं संध्याकाळी तोच मुकाट्यानं वाढून घेतला. रविवारी भरल्या ताटावर मी आवाज चढवला, ते चुकलंच. तुझ्या कोयतेलाच्या कारखान्यातल्या त्या हेक्झेनबद्दल, पेट्रोलसारख्या भडकणाऱ्या द्रवाबद्दल, आता एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तुझी वही मात्र वाचली. (विसरलीस की मुद्दाम ठेवलीस?) कोय फोडून आतला मगज वाळवला, की शंभर किलोला साधारण दहा किलो चरबी. एवढं कमी तेल घाण्यावर धड सुटत नाही, पेंडीतच अडकतं, म्हणून तेल विरघळवून काढणारं द्रावक, म्हणजे हेक्झेन. पटलं मला. युरोपात चॉकलेटात कोकोखेरीज ज्या ६ वनस्पतींची चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालते, त्यात आंब्याची कोय आहे आणि आपलं कोकमही, हे वाचून हसू आलं. आजी थंडीत कोकमतेलाचा गोळा वातीवर धरून माझ्या टाचांच्या भेगांत भरायची. तिच्या नातीच्या वहीत त्याचा वितळणबिंदू लिहिलेला! गल्लीत सगळ्यांना सांगून आलो. शेजारचा म्हणाला, "पोरगी म्हणजे जाळ अन् धूर संगटच." एरवी छाती फुगली असती. या वेळी पोटात गोळा आला.

वाळवणाचं बघ आधी. तुझा माल निघणार मे-जूनमध्ये, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. ओला मगज ढिगात पडून राहिला की बुरशी धरतो, तेलाची आम्लता चढते आणि मग शुद्ध करण्यातच नफा जातो. मामाच्या गुऱ्हाळावर चिपाड ओलं राहिलं की काहिलीखाली नुसता धूर व्हायचा, आठवतं? तू डोळे चोळत रडायचीस आणि हातातली काकवीची वाटी मात्र सोडायची नाहीस.

मी पंचवीस वर्षं शिरोलीत फाउंड्रीत साचे केले. साच्याला स्पिरिटचा वॉश, म्हणजे पातळ लेप, मारतात आणि पेटवून वाळवतात, रोजचंच काम. एकदा डब्याचं झाकण उघडं राहिलं. डबा पाच-सहा हात लांब होता, ज्वाला त्याच्याजवळ नव्हतीच. पण वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत आली. निळी रेघ उलटी धावत गेली डब्याकडे. दत्तूकाका उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो, हे तू लहानपणी विचारलं होतंस. मी काहीतरी थाप मारली होती.

हेक्झेन तर उणे २२ अंशालाही पेटण्याइतकी वाफ सोडतं, असं तूच लिहिलंयस, तेही लाल शाईनं. मग रात्रपाळीला दोनच माणसं कशी ठेवता? तेल काढायचं जुनं यंत्र घेताना त्याच्या सांध्यांची गॅस्केटं कुणी तपासली? पेंडीत राहिलेलं द्रावक पूर्ण उडाल्याशिवाय पोती भरता कामा नये, हे कामगारांना कोण सांगतं?

झालं, लिहिलंच. माफ कर. मी दहावी शिकलेला माणूस, विद्यापीठात शिकलेल्या पोरीला पाढे म्हणून दाखवतोय.

वहीत मागच्या पानावर कार्बन डायऑक्साइडचं लिहिलंयस. ३१ अंशांच्या वर आणि ७४ बारच्या पुढे तोच द्रावकासारखा वागतो, जळत नाही, तेलात उरत नाही. पुढे "परवडत नाही" असं लिहून दोन रेघा ओढल्यास. दाबाचं यंत्र महाग असणारच. पण उजळाईवाडीचा प्लॉट आहे. तुझ्या नावावरच करायचा होता. आईशी अजून बोललो नाही. तू हो म्हणालीस तर बोलेन.

ते होईपर्यंत, ठिणगी पडू नये म्हणून टाक्यांना अर्थिंग केलंय का, तेवढं कळव. दुसरं काही विचारणार नाही.

तुझा,
अण्णा

ता. क. वाफ ओढायचा पंखा जमिनीलगत हवा. वरच्या झरोक्यात नको.