टायटॅनिक झाली, आता तिलावावरही लिहा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पुन्हा टायटॅनिक वाचली. लेख चांगला होता हो, पण आपल्या मुंबईच्या बंदरातून सुटलेल्या बोटीवर कधी दोन ओळी का येत नाहीत?

एसएस तिलावा म्हणतोय मी. ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट, 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून मोंबासा, डर्बनच्या वाटेला लागली, साडेनऊशेच्या वर माणसं, त्यात 222 तर नुसते खलाशी वगैरे, बाकी आफ्रिकेत पोटापाण्याला गेलेली मंडळी आणि त्यांची बायकापोरं. 23 ला पहाटेच्या अंधारात जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले, पण बोट काही लगेच बुडेना, म्हणून काहीजण परत वर चढले (कुणाचं सामान राहिलं असेल, कुणाचं माणूस) आणि मग दुसरा टॉर्पेडो. 280 गेले. वाचलेले 678, त्यातल्या जवळपास सगळ्यांना बर्मिंगहॅम नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून 27 ला मुंबईत आणून सोडलं.

बोटीत चांदीच्या 2,364 लाद्या पण होत्या. त्या 2017 मध्ये अडीच किलोमीटर खोलातून वर काढल्या, मग चांदी कुणाची यावरून ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण. चांदीची बातमी झाली, माणसांची नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक गुजराती बा आहेत, त्यांचे वडील त्या 678 मधले. आणि लढाई संपल्यावर गडी पुन्हा बोटीनेच मोंबासाला गेला, दुसरा रस्ता होता कुठे! पुढे बा लहान असताना आईबरोबर करंजा बोटीने गेल्या (नाव ऐकून मला आधी उरणजवळचं करंजाच वाटलं), डेकवर वळकटी टाकून, आणि आई रात्री साडीचा पदर यांच्या मनगटाला गाठ मारून झोपायची, पोर कठड्याकडे जाऊ नये म्हणून. बा हे सांगताना अजून मनगट चोळतात. पत्र्याची ट्रंक पण आहे, झाकणावर पांढऱ्या पेंटने मोंबासा लिहिलंय, आत सध्या गोधड्या.

तर 23 नोव्हेंबरच्या आधी कुणाला तरी पाठवा, बा बोलायला तयार आहेत, चहा मी पाजतो. फक्त दुपारी 2 ते 4 नको, झोपतात त्या.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली