‘मंत्रमुग्ध’च्या पुढेही काहीतरी लिहा

मा. संपादक,
स. न.

हौशी पियानोवादकांच्या कार्यक्रमाची तुमच्याकडची बातमी वाचली, त्यात ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’ याच्यापुढे वादनाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तिथे होतो. नोकरी सांभाळून पियानो शिकणाऱ्या ज्या ताईंनी पोलिश संगीतकार शोपँचा सी शार्प मायनर पट्टीतला वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नाचाच्या चालीवरची रचना) वाजवला त्यांना यापेक्षा जास्त मिळायला हवं, एवढं मन लावून त्यांनी वाजवलं होतं, म्हणून हे पत्र.

हा वॉल्ट्झ १८४७ सालचा, ओपस ६४ (ओपस म्हणजे रचनासंचाचा क्रमांक) मधला दुसरा, त्यानंतर दोनच वर्षांत शोपँ गेला. नाव नाचाचं असलं तरी तो बसून ऐकायचाच आहे. सुरुवात ताईंनी सुंदर केली, कसलीही घाई नाही, आणि उजव्या हातात दोन-दोन सूर जोडीने खाली येतात तिथे वरचा सूर स्वच्छ वेगळा ऐकू आला, भल्याभल्यांना हे जमत नाही हो.

अडचण डाव्या हाताची. पहिल्या मात्रेला खालचा सूर आणि मग दोन कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर), हे तिन्ही सारख्याच वजनाने पडत होते त्यामुळे वॉल्ट्झचा झोकाच हरवला, खालचा सूर जरा खोल आणि कॉर्ड अगदी हलके हवेत. शिवाय उजवा हात रेंगाळला की डावाही त्याच्यासाठी थांबायचा. शोपँच्या शिष्यांनी लिहून ठेवलंय की तो डाव्या हाताला लय सोडू द्यायचा नाही, मोकळीक उजव्याला. आपल्याकडे ठेका चालू राहतो आणि गाणारा त्याच्यावर मागेपुढे खेळतो, तसंच की हे! ताईंनी थोडे दिवस फक्त डावा हात मेट्रोनोमवर, म्हणजे लयीची टिकटिक देणाऱ्या यंत्रावर, वाजवून बघावा असं मला मनापासून वाटतं.

मधला संथ भाग मात्र अप्रतिम. सी शार्प मायनरमधून डी फ्लॅट मेजरमध्ये जायचं, म्हणजे पियानोवर काळी पट्टी तीच पण रंग सगळा बदलतो, आणि तो बदल ताईंनी नुसता स्पर्श मऊ करून दाखवला, माझ्या शेजारचे आजोबा तेव्हा खुर्चीत पुढे सरकून बसले.

राहिला तो वेगाचा भाग, जो पूर्ण रचनेत तीनदा येतो. तिन्ही वेळा आवाज तेवढाच मोठा, आणि शेवटच्या वेळी तर वेग इतका वाढला की सूर गिळले गेले, सूर लांबवणारं पायाचं पेडलही वेळेवर न उचलल्यामुळे सगळं एकात एक मिसळलं. तिथे वेग थोडा कमी चालेल पण प्रत्येक सूर सुटा हवा, खालचा सूर बदलला की पेडल बदलायचं, आणि शेवटची वर जाणारी ओळ हलक्या हाताने सोडून द्यायची.

पुढच्या वेळी त्यांच्याकडून बी मायनरचा, ओपस ६९ मधला दुसरा वॉल्ट्झ ऐकायला आवडेल, त्यांच्या हाताला तो शोभेल. आणि तुमच्या प्रतिनिधींना विनंती, वादन कसं झालं त्याच्या चार ओळी तरी बातमीत येऊ द्या.

आपला,
एक वाचक, पुणे