आवाज बंद असताना पाहिलेले सिनेमे

प्रिय मित्रा,

परवा रात्री तुझा फोन आला होता. मी उचललाही. तू चारदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणालास आणि रेंज नाही असं समजून ठेवून दिलास. रेंज होती. स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मेसेज टाकता आला असता, पण या दिवसांत जे पाहिलं ते दोन ओळींत मावत नाही. म्हणून हे पत्र.

झोप लागत नाही, बोलता येत नाही, मग रोज रात्री एक जुना भयपट लावतो. सुरुवात १९२२च्या ‘नोस्फेराटू’पासून केली. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता काढला म्हणून कोर्टाने त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या. काही प्रती तरीही उरल्या, म्हणून आज तो आपल्याला दिसतो. जिना चढणारी ती लांब बोटांची सावली पाहून कौतुक वाटलं, भीती नाही. खरं सांगायचंय ते पुढचं.

‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ तू पाहिला नसशील. १९६२चा आहे. हर्क हार्वी हा माणूस शैक्षणिक आणि कारखान्यांसाठीचे माहितीपट काढायचा. त्याने आयुष्यात हा एकच कथापट केला. पुलावरून गाडी नदीत कोसळते आणि बऱ्याच वेळाने त्यातली एक मुलगी, मेरी, चिखलाने माखलेली वर येते. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरून ती दुसऱ्या गावी जाते. वाटेत गाडीच्या काचेत एक पांढराफटक चेहरा दिसतो. तो चेहरा खुद्द हार्वीचा.

पण त्या चेहऱ्याने मला काही केलं नाही. मला धरलं ते कपड्यांच्या दुकानातल्या प्रसंगाने. मेरी नवा ड्रेस घालून बघते, पडद्यावरचं चित्र पाण्यासारखं हलतं आणि सगळे आवाज बंद पडतात. मी आधी लॅपटॉपचा आवाज वाढवला. वाटलं, काहीतरी बिघडलं. मग लक्षात आलं की तिलाच ऐकू येत नाहीये. ती विक्रेतीशी बोलते, तर ती बाई तिच्याकडे बघतसुद्धा नाही. रस्त्यावर येते, माणसं शेजारून निघून जातात. बागेत एका झाडाला हात लावते आणि अचानक पक्ष्याचा आवाज ऐकू येतो. बस, एवढंच. ना रक्त, ना किंकाळी. मी तिथेच थांबवून पाणी प्यायलो. गेल्या आठवड्यात घरी पाहुणे आले होते. पहिली पाच मिनिटं सगळे माझ्याकडे बघून बोलले, नंतर मी खोलीत आहे हेच विसरले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पाटीवर उत्तर लिहून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मेरीच्या पायांखालची जमीन कशी सरकली असेल, ते मला त्या रात्री कळलं.

सिनेमाचा शेवट सांगत नाही. तू बघ.

मग ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ पुन्हा लावला, उठून चालणारी प्रेतं जिवंत माणसांवर तुटून पडतात तो. आपण तो एकत्र पाहिला होता, आठवतं? तेव्हा आपण प्रेतंच मोजत बसलो होतो. या वेळी मी फक्त नायकाकडे, बेनकडे बघत होतो. दारं मोडून त्याच्या फळ्या खिडक्यांवर ठोकणारा, घाबरलेल्या मुलीला सांभाळणारा, तळघरात लपू पाहणाऱ्या माणसाशी भांडणारा तो एकटा शहाणा. रात्रभर तग धरून पहाटे खिडकीशी येतो आणि मदतीला आलेल्यांपैकीच कुणीतरी त्याला गोळी घालतं. तो माणूस आहे की प्रेत, हे नीट बघायची कुणी तसदीच घेत नाही. आणि मग ते खरबरीत स्थिर फोटो, प्रेतं ओढायचे लोखंडी आकडे, सरण. बेनचं काम करणारा ड्युएन जोन्स कृष्णवर्णीय होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या एप्रिल १९६८ मधली आणि हा सिनेमा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. ते फोटो पाहताना तेव्हाच्या प्रेक्षकांना काय वाटलं असेल, या विचाराने मी बराच वेळ बसून राहिलो. ऐन वेळी सिनेमाचं नाव बदलताना पडद्यावरच्या शीर्षकाखालची हक्कांची ओळ राहून गेली, म्हणून हा सिनेमा कुणाच्याच मालकीचा उरला नाही. ज्याला हवा त्याने दाखवला, आणि त्यामुळे तो इतका पसरला. दिग्दर्शक रोमेरोचं त्यात नुकसान झालं, ही गोष्ट मला अजून टोचते.

शेवटचा फ्रेंच, ‘आईज विदाउट अ फेस’, १९६०चा, जॉर्ज फ्रांज्यूचा. शल्यविशारद बापाच्या हातून अपघात होतो, मुलीचा चेहरा जातो, आणि तो दुसऱ्या मुलींचे चेहरे काढून तिला लावू पाहतो. शस्त्रक्रियेचा प्रसंग मी डोळे किलकिले करून पाहिला. तो फार लांबवलाय असं माझं मत. पण ती मुलगी, क्रिस्तियान! तिचं काम करणाऱ्या एदित स्कोबचा गुळगुळीत पांढरा मुखवटा आणि त्यातून बघणारे तेवढे दोन डोळे. बापाला तिचा चेहरा हवाय, त्या डोळ्यांत काय चाललंय ते तो विचारतच नाही.

ती मेली असं जगाला सांगितलेलं असतं. एकदा ती गुपचूप आपल्या वाग्दत्त वराला फोन लावते. तो पलीकडून ‘हॅलो’ म्हणतो. ती रिसीव्हर कानाशी धरून नुसती ऐकत राहते.

परवा तुझा फोन आला तेव्हा नेमकं हेच पाहून झालं होतं. बोलता येणार नाही हे ठाऊक असूनही उचलला, कारण तुझा आवाज ऐकायचा होता. तुला उगाच ताटकळवलं, त्याबद्दल रागावू नकोस.

सोमवारी तपासणी आहे. तोवर ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ बघून ठेव, हेडफोन लावून, मध्ये न थांबवता. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिला फोन तुलाच करेन. आवाज घोगरा असेल, ओळखून घे.

तुझाच